पोस्ट जशी होती तशी: एका ई-डिस्कव्हरी सेवेसोबत अकरा महिने

अमेरिकेतील संघीय न्यायालयात चाललेल्या एका दिवाणी दाव्यात प्रतिवादी कंपनीचे ईमेल, चॅट आणि समाजमाध्यमांवरील नोंदी जपणे, गोळा करणे, तपासणे आणि विरुद्ध पक्षाला सोपवणे हे काम अकरा महिने माझ्याकडे होते. त्यासाठी आमच्या कार्यालयाने भाड्याने घेतलेल्या ई-डिस्कव्हरी सेवेचे हे परीक्षण आहे. दाव्यातील कागदपत्रांवर गोपनीयतेचा आदेश असल्यामुळे पक्षकारांची नावे आणि सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे नाव येथे देता येत नाही. तरीही दुसरी कोणतीही सेवा निवडताना काय काय विचारून घ्यावे, हे यातून समजू शकेल. माझे मत आधीच सांगते. नोंद कुठून आली, केव्हा आली आणि कोणाकोणाच्या हातून गेली याचा हिशेब ठेवण्यात ही सेवा उत्तम आहे; संभाषण संभाषणासारखे दाखवण्यात ती कमी पडते; आणि मजकूर इंग्रजी नसला की तिच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. पहिल्या गुणासाठी मी बाकीचे दोष सहन केले, कारण शोध चुकला तर पुन्हा घेता येतो, पण गोळा करताना हरवलेला संदर्भ नंतर कोणीही आणून देऊ शकत नाही.

सुरुवात जपणुकीपासून केली पाहिजे, कारण दावे बिघडतात ते बहुधा तिथेच. २००३–०४ मध्ये झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या दाव्यात न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयातील न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी जे आदेश दिले, त्यांतून हे स्पष्ट झाले की दावा होण्याची वाजवी शक्यता दिसताच नोंदी पुसण्याचा नेहमीचा क्रम थांबवावा लागतो आणि तो खरोखर थांबला की नाही यावर वकिलानेही लक्ष ठेवावे लागते. पुढे १ डिसेंबर २००६ पासून इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवलेली माहिती संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांत नावानिशी आली, आणि २०१५ च्या दुरुस्तीने नियम ३७(ई) मध्ये असे ठरले की जपायला हवी होती ती माहिती वाजवी काळजी न घेतल्यामुळे गेली आणि ती दुसरीकडून मिळवता येत नसेल तर न्यायालय उपाय करू शकते. मात्र ती माहिती प्रतिकूलच होती असे गृहीत धरण्याची कठोर शिक्षा, विरुद्ध पक्षाला तिच्यापासून वंचित ठेवण्याचा हेतू सिद्ध झाल्याखेरीज देता येत नाही. त्यामुळे आपण वाजवी काळजी घेतली हे दाखवणारा लेखी माग ही या कामातली सर्वांत मोलाची वस्तू ठरते.

तो माग ही सेवा मनापासून राखते. ज्यांच्याकडे नोंदी असण्याची शक्यता आहे अशा प्रत्येकाला, म्हणजे प्रत्येक कस्टोडियनला, जपणुकीची सूचना जाते. ती उघडली केव्हा, मान्य केली केव्हा, किती स्मरणपत्रांनंतर केली, हे सारे वेळेसह नोंदले जाते. याहून उपयोगी गोष्ट म्हणजे सेवेला कंपनीच्या मनुष्यबळ विभागाची यादी जोडता येते. चौथ्या महिन्यात एका सकाळी पडद्यावर लाल पट्टी दिसली: विक्री विभागातील एक व्यवस्थापक त्या आठवड्याअखेर नोकरी सोडत होता, आणि कंपनीच्या रिवाजाप्रमाणे त्याचा फोन पुसून नव्या माणसाला दिला जाणार होता. जपणुकीची सूचना त्याने मान्य केलेली होती, पण तंत्रज्ञान विभागाला त्याची खबर नव्हती. त्याच दुपारी आम्ही फोनची संपूर्ण प्रत घेतली. केवळ पत्र धाडणारी सेवा असती तर तो फोन गेला असता आणि आमच्या हाती फक्त सहीचा कागद राहिला असता.

समाजमाध्यमांवरील नोंदी गोळा करण्याचे काम वेगळ्या जातीचे आहे, कारण त्या पक्षकाराच्या सर्व्हरवर नसतात. १९८६ च्या स्टोअर्ड कम्युनिकेशन्स ॲक्टमुळे दिवाणी दाव्यातील समन्स पाठवून समाजमाध्यम कंपनीकडून खासगी संदेशांचा मजकूर मिळत नाही. तो खातेधारकाकडूनच मागावा लागतो. म्हणून वाटा दोनच उरतात. एक, खातेधारकाच्या संमतीने त्याच्या खात्याची पूर्ण प्रत उतरवून घेणे. दुसरी, जे सर्वांना दिसते तेवढे बाहेरून टिपून ठेवणे. ही सेवा दोन्ही करते, आणि दुसऱ्या वाटेने टिपलेल्या एका नोंदीचे वर्णन येथे जरा जवळून करते.

कंपनीच्या पानावर एका नव्या उत्पादनाची घोषणा होती. सेवेने टिपलेल्या नोंदीत पानाचे चित्र होतेच, पण त्याखाली पोस्टचा कायमचा दुवा, खात्याचा बदलता न येणारा क्रमांक, पोस्ट टाकल्याची आणि टिपल्याची वेळ, टिपणाऱ्याचे नाव, त्या क्षणी दिसत असलेल्या सगळ्या प्रतिक्रिया आणि अखेरीस ६४ चिन्हांचे एसएचए-२५६ हॅशमूल्य होते, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा; मजकुरात एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. तीन आठवड्यांनी सेवेने तेच पान ठरल्याप्रमाणे पुन्हा टिपले, तेव्हा हॅशमूल्य बदललेले दिसले. दोन्ही मजकूर शेजारी ठेवल्यावर समजले की मूळ पोस्टमधील ‘केवळ अधिकृत वितरकांकडे’ हे शब्द मधल्या काळात काढले गेले होते. आमच्याच पक्षकाराच्या विपणन विभागातील कोणीतरी, दाव्याची कल्पना नसताना, केलेला तो बदल होता. तो आमच्या पक्षकाराला अडचणीचाच होता, तरी आम्ही दोन्ही प्रती सोपवल्या आणि बदल कसा झाला ते लिहून दिले. स्क्रीनशॉटवर काम भागवले असते तर हा बदल आमच्या लक्षातच आला नसता, आणि तो विरुद्ध पक्षाने दाखवून दिला असता तर ‘ठाऊक नव्हते’ यावर कोणाचा विश्वास बसला असता, हे मला सांगता येत नाही.

हॅशमूल्याचे महत्त्व १ डिसेंबर २०१७ पासून आणखी वाढले आहे. संघीय पुरावा नियमांच्या नियम ९०२ मध्ये तेव्हा (१३) आणि (१४) ही उपकलमे आली आणि पात्र व्यक्तीच्या लेखी प्रमाणपत्रावर इलेक्ट्रॉनिक प्रतीची अस्सलता मानली जाऊ लागली. प्रत्येक वेळी तज्ज्ञाला साक्षीला बोलावण्याची गरज राहिली नाही. त्या प्रमाणपत्रासाठी लागणारे सर्व तपशील सेवा एका कळीसरशी काढून देते. जुन्या सेवांपैकी काही अजून केवळ एमडी५ ही हॅशमूल्य काढण्याची जुनी पद्धत वापरतात. तेच हॅशमूल्य देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम बनवता येतात हे २००४ मध्ये दाखवले गेले आहे, म्हणून निवड करताना एसएचए-२५६ आहे की नाही हे विचारून घ्यावे.

कोणाला ही सगळी तपशीलवारी अतिरेकी वाटली तर व्हर्जिनियातील एका दाव्याची आठवण पुरे आहे. अपघाती मृत्यूच्या नुकसानभरपाईच्या त्या दाव्यात वकिलाच्या कार्यालयातून फिर्यादीला फेसबुकवरील नको ते फोटो काढून टाकण्याचा सल्ला गेला. परिणामी वकिलावर ५,४२,००० डॉलर आणि पक्षकारावर १,८०,००० डॉलर भरण्याची वेळ आली. आमच्या सेवेत प्रत्येक कस्टोडियनला जाणाऱ्या सूचनेत ‘काही पुसू नका, खाते बंद करू नका, सेटिंग बदलण्याआधी विचारा’ हे वाक्य आधीपासूनच घातलेले आहे.

आता दोषांकडे वळते. पहिला दोष वेळेचा. सेवा सर्व वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत, साठवते, ते योग्यच आहे. पण विरुद्ध पक्षाला द्यायच्या पीडीएफवर ती वेळ कोणत्या घड्याळाची आहे हे ती मूळ मांडणीत छापत नाही. आमच्या दाव्यातील करार रद्द करण्याची सूचना ३१ जानेवारीच्या मध्यरात्रीपूर्वी देणे आवश्यक होते. ती चॅटवरून रात्री ११:४० वाजता, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वेळेप्रमाणे, गेली होती. आमच्या पहिल्या गठ्ठ्यात ती १ फेब्रुवारी, पहाटे ४:४० अशी छापली गेली. म्हणजे दाव्यातील सर्वांत महत्त्वाचा संदेश आमच्याच कागदावर मुदतीनंतरचा ठरला. आमच्या ज्येष्ठ वकिलांनी ते वेळीच पाहिले आणि गठ्ठा बदलून दिला गेला, तरी तो आठवडा मी विसरणार नाही. प्रत्येक पानावर घड्याळाचे नाव छापण्याची सोय सेवेत आहे, ती तिसऱ्या पातळीच्या सेटिंगमध्ये दडलेली आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

दुसरा दोष चॅटचा. ईमेल हा स्वतःत पुरा कागद असतो. चॅटमधला ‘बरं, उद्या करू’ हा संदेश त्याच्या मागच्या-पुढच्या संदेशांशिवाय निरर्थक असतो. या सेवेने आरंभी प्रत्येक संदेशाचा वेगळा दस्तऐवज केला, त्यामुळे तपासणाऱ्या वकिलांपुढे ‘हो’, ‘ठीक’, ‘पाहतो’ अशा हजारो चिठ्ठ्या येऊन पडल्या. मागणी केल्यावर एका गटातील चोवीस तासांचे संभाषण एक दस्तऐवज असे करून मिळाले, आणि काम सुसह्य झाले. मात्र मध्यरात्र ओलांडणारे संभाषण अजूनही दोन तुकड्यांत तुटते, आणि दुसऱ्या तुकड्याला पहिल्याचा दुवा नसतो.

याच भागातली अधिक गंभीर उणीव म्हणजे संदेशांवर दिलेल्या प्रतिक्रिया. एका चॅट सेवेतून आणलेल्या नोंदींत अंगठ्याचे चिन्ह कोणी दिले आणि केव्हा दिले हे मूळ फाइलीत होते, पण तपासणीच्या पडद्यावर त्याजागी रिकामा चौकोन दिसत होता आणि छापील प्रतीत तोही नव्हता. २०२३ मध्ये कॅनडातील सस्कॅचवान प्रांताच्या न्यायालयाने जवसाच्या खरेदीच्या एका कराराच्या फोटोला उत्तर म्हणून पाठवलेले अंगठ्याचे चिन्ह स्वाक्षरीइतके बंधनकारक मानले आणि माल न देणाऱ्या शेतकऱ्याला ८२,००० कॅनेडियन डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. संमती जर एका चिन्हात मावत असेल तर ते चिन्ह गाळणारी प्रत अपुरी आहे. सेवेने हा दोष मान्य केला आणि सात आठवड्यांत दुरुस्त केला, परंतु तोवर सोपवलेले सर्व चॅट आम्हाला पुन्हा छापून द्यावे लागले.

तिसऱ्या दोषावर मी अधिक लिहिणार आहे, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्या परीक्षकांच्या तो लक्षात येत नाही. कंपनीचे काही कर्मचारी आपसांत मराठीत लिहीत. एका समाजमाध्यमाच्या खात्याची जेसन या साध्या मजकूर-फाइलीच्या स्वरूपातील प्रत सेवेत चढवली, तेव्हा त्यातील मराठी संदेश वाचताच येईनात. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. प्रत तयार करताना प्रत्येक बाइटला वेगळे रोमन चिन्ह समजले गेल्यामुळे ‘करार’ हा चार चिन्हांचा शब्द बारा परक्या चिन्हांची माळ होऊन बसला होता. चूक प्रत देणाऱ्या माध्यमाची होती, पण सेवेने ती फाइल ‘यशस्वी’ म्हणून स्वीकारली, शोधसूची बांधली आणि ‘करार’ या शब्दाला शून्य निकाल दाखवले. शून्य निकाल पाहून कोणीही ‘या खात्यात काही नाही’ असे समजून पुढे गेला असता. मी केवळ त्या कर्मचाऱ्याची लिहिण्याची सवय ठाऊक असल्यामुळे थांबले. बाइट पुन्हा नीट जुळवणारी छोटी आज्ञावली आमच्या तंत्रज्ञाने तासाभरात लिहिली. मूळ फाइल न बदलता जपून, दुरुस्त प्रत वेगळ्या हॅशमूल्यानिशी जोडली गेली.

अक्षरे दिसू लागली तरी अडचण संपली नाही. ‘व्यापाऱ्याला’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरतो, कोणी साध्या र ला हलन्त देऊन अदृश्य जोडचिन्ह घालतो. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, शोधयंत्राला ते दोन निराळे शब्द असतात. शिवाय मराठी शब्द विभक्तीबरोबर रूप पालटतो. ‘माल’ शोधला तर ‘मालाचा’ सापडत नाही. सुरुवातीची अक्षरे देऊन शोधला तर ‘मालक’ आणि ‘मालिका’ यांचाही ढीग येतो. ‘नोटीस’ चे ‘नोटिशीला’ झाले की दीर्घ ई ऱ्हस्व होते आणि स चा श होतो, तेव्हा सुरुवातीची अक्षरे देऊनही उपयोग नाही; ‘पैसे’ आणि ‘पैशांचा’ यांचेही तसेच. त्यातच निम्मे लोक मराठी रोमन लिपीत लिहितात, प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे. शेवटी आम्ही प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाची सर्व रूपे हाताने लिहून काढली, ‘नोटीस’ या एका शब्दाची एकोणीस भरली, आणि ती यादी विरुद्ध पक्षाच्या वकिलांशी चर्चा करून ठरवली. सेवेच्या माहितीपत्रकात अनेक भाषांना आधार असल्याचे लिहिले आहे. तो आधार अक्षरे दाखवण्यापुरता आहे, शोधण्यापुरता नाही, हे खरेदीपूर्वी चाचणी घेऊनच कळते.

शब्दशोधावर किती विसंबावे हा प्रश्न तसा जुना आहे. १९८५ मध्ये डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी सुमारे ४०,००० दस्तऐवज असलेल्या एका प्रत्यक्ष दाव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हवे असलेल्यांपैकी किमान ७५ टक्के कागद मिळाले असे तेथील वकिलांना वाटत होते. प्रत्यक्षात सरासरी २० टक्केच हाती लागले होते, कारण ज्याला एक बाजू ‘अपघात’ म्हणत होती त्याला दुसरी बाजू ‘घटना’ किंवा ‘अडचण’ म्हणत होती. २०१२ मध्ये न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी दा सिल्व्हा मूर दाव्यात संगणकाच्या साहाय्याने तपासणीला मान्यता दिली, आणि आता अशी सोय जवळपास प्रत्येक सेवेत असते. आमच्या सेवेतील यंत्राने इंग्रजी ईमेलच्या बाबतीत चांगले काम केले. मला त्याहून आवडले ते हे की यंत्राने बाजूला टाकलेल्या कागदांतून यादृच्छिक नमुना काढून तो माणसाकडून तपासून घेण्याची पायरी सेवा सक्तीची करते. ती ओलांडून पुढे जाताच येत नाही. मराठी संदेश मात्र आम्ही यंत्राकडे दिलेच नाहीत, दोघींनी बसून वाचले.

जोडपत्रांच्या जागी आता दुवे आले आहेत, ही नवी गुंतागुंत. ईमेलमध्ये फाइल नसते, सामायिक फोल्डरमधील फाइलकडे नेणारा दुवा असतो, आणि ती फाइल ईमेल गेल्यानंतरही बदलत राहते. २०२१ मध्ये निकोल्स विरुद्ध नूम या दाव्यात न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने असे दुवे आपोआप जोडपत्रे मानायला नकार दिला, तरी पक्षकारांनी ते देण्याचे आपसांत ठरवले तर द्यावेच लागतात. आमच्या दाव्यात तसे ठरले होते. सेवा दुव्यामागची फाइल आणते, पण आजची. पाठवल्या दिवशीची आवृत्ती हवी असेल तर ती हाताने शोधून जोडावी लागते. किंमतपत्रकाच्या एका फाइलीसाठी आम्ही सदतीस आवृत्त्या चाळल्या.

मजकूर काळा करण्याची सोय निर्दोष आहे: काळ्या पट्टीखालचा मजकूर खरोखर निघून जातो आणि शोधसूचीतूनही जातो. बेट्स क्रमांक (प्रत्येक पानावरचा अनुक्रमांक), लोड फाइल (सोपवलेले कागद दुसऱ्या पक्षाच्या प्रणालीत चढवण्यासाठीची सूची), वकील-पक्षकार संवाद म्हणून रोखून ठेवलेल्या कागदांची यादी ही कामेही विनातक्रार होतात. मदतकेंद्रातील माणसे जाणती आहेत. इतकेच की रात्री उत्तर देणारा गट वेगळा असतो आणि त्याला पहिल्यापासून सगळे सांगावे लागते.

शुल्क साठवलेल्या माहितीच्या आकारावर महिन्यागणिक आकारले जाते, त्यामुळे एकाच ईमेलच्या चौदा जणांकडील चौदा प्रती लवकर एकत्र करणे फायद्याचे ठरते. मात्र प्रत कोणाकोणाकडे होती ही नोंद त्यात टिकते याची खात्री करून घ्यावी. येथे ती टिकते. बाहेर पडतानाचे शुल्क वेगळे आहे, आणि ते करारातच ठरवून घेतल्यामुळे आम्ही वाचलो.

दावा तडजोडीने मिटल्यावर आम्ही सर्व माहिती परत घेतली आणि आमच्या यंत्रावर प्रत्येक फाइलीचे हॅशमूल्य नव्याने काढले. ईमेल आणि समाजमाध्यमांच्या नोंदी पूर्ण जुळल्या. चॅटच्या फाइली जुळल्या नाहीत, कारण सेवा त्या बाहेर देताना दरवेळी नव्याने बांधते आणि त्यात बांधल्याची वेळ घालते. आतील संदेश एकेक ताडून पाहिले तेव्हा ते जसेच्या तसे निघाले, आणि तसे टिपण सेवेच्या व आमच्या हॅशमूल्यांच्या याद्यांना जोडून ठेवले आहे. आदेशाप्रमाणे उरलेल्या प्रती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र नवव्या दिवशी आले. त्यात बॅकअपमधील प्रती केव्हा पुसल्या जातील ही तारीख नव्हती. विचारल्यावर ती लेखी मिळाली.